एक घर, दोन स्वयंपाकघरं

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "लेख द्या, पण या वेळी पूल नकोत." मागे मी दोनदा पुलांवर लिहिलं होतं. पोटापाण्याचा धंदाच तो, त्यामुळे लिहायला बसलं की पूलच समोर येतात. पण वाचकांना कंटाळा आला असणार, हे मान्य आहे.

म्हणून या वेळी घरचीच एक गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, या विचारात दोन महिने गेले. शेवटी ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच विचारलं. दादा म्हणाला, "नाव घालू नकोस. बाकी काय ते लिही." वहिनी म्हणाल्या, "लिहा, पण माझी उगाच देवी करू नका."

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. नाशिकला आत्याच्या घरी माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. सायकल त्यानेच शिकवली, गोदावरीत पोहायला त्यानेच ढकललं. २००३ साली मी एम.एस. करायला ओहायोत आलो, तेव्हा विमानतळावर घ्यायलाही तोच आला होता. आजही तो क्लीव्हलंडला आणि मी कोलंबसला. मध्ये दोन तासांचा रस्ता.

२००९ साली दादाने बाप्तिस्मा घेतला. कसा, का, कोणाच्या संगतीने, हे सगळं तेव्हा आमच्या घरात फोनवर फोन करून चर्चिलं गेलं. कोणी म्हणालं नोकरीसाठी, कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. खरं एवढंच होतं की, तो तीन-चार वर्षं वाचत होता, विचार करत होता आणि एक दिवस त्याने ठरवलं. नोकरी होती तीच राहिली, पगारही तोच. वहिनींनी मात्र धर्म बदलला नाही. "तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी," असं त्यांनी पहिल्याच रात्री सांगितलं म्हणे. आपल्यापैकी अनेकांकडे असतं तसं त्यांच्याकडेही चादरी-टॉवेल ठेवायच्या कपाटात देवघर होतं. ते तसंच राहिलं.

आत्याने मात्र मुलाशी बोलणं टाकलं. आत्या सरळ बाई. तिने त्रागा केला नाही, शाप दिले नाहीत. फोनवर दादाचा आवाज आला की ती फक्त रिसीव्हर खाली ठेवायची. नऊ वर्षं!

आणि मी? मी काहीच केलं नाही, आणि तेच मला इथे सांगायचं आहे. भांडलो नाही, समजूतही काढली नाही. आमच्या घरी गणपती बसायचा, दरवर्षी चाळीस-पन्नास माणसं जेवायला असायची. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, "दादा-वहिनींना बोलवायचं ना?" मी म्हणालो, "त्याला उगाच अवघडल्यासारखं होईल." अवघडल्यासारखं मला होणार होतं, त्याला नाही. दुसऱ्या वर्षी तिने विचारलं नाही.

२०१८ च्या डिसेंबरात आत्या गेली. योगायोगाने मी तेव्हा सुट्टीवर नाशकातच होतो. दादा येईपर्यंत थांबायचं ठरलं. तो तीस तासांचा प्रवास करून आला, आईच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ बसून राहिला. मग सगळे अमरधामला गेलो आणि तिथे प्रश्न निघाला, अग्नी कोण देणार?

दादा म्हणाला, "मंत्र मी म्हणणार नाही. पण अग्नी मला देऊ द्या, मी तिचा एकुलता एक मुलगा आहे." त्याचे दोघे काका अडून बसले. मंत्राशिवाय अग्नी कसला, आणि धर्म सोडलेल्याच्या हातचा तो चालेल कसा? त्यांच्याही बाजूने पाहिलं तर त्यांना वहिनीला चांगली गती मिळायला हवी होती, दुष्टावा नव्हता. मी दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अरे, नुसते ओठ हलव ना. कोण बघतंय?" त्याने मान हलवली. नाही म्हणाला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुतण्यांपैकी गावात कोणी नव्हतं. अग्नी मी दिला. दादा कठड्यापाशी उभा होता.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ज्यांनी ही वेळ पाहिली आहे, त्यांना त्या शांततेविषयी वेगळं सांगायला नको. घरातल्या एकेकाने पुढे होऊन सांगितलं, घर सांभाळू, तुझं तुळशीवृंदावन सांभाळू, पुतणीचं लग्न नीट करू. कावळे झाडावर बसून होते. काय सांगायला हवं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिच्या मुलाला आम्ही अंतर देणार नाही, एवढंच. ते सांगण्याचा मान, म्हणा किंवा जबाबदारी, क्रिया करणारा म्हणून माझी होती. मी उघड्या अंगाने उभा होतो, काका शेजारी होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

कावळ्यावर माझा विश्वास आहे का? दिवसा विचाराल तर नाही. पण ते वाक्य मी बोललो नाही, ही गोष्ट आहेच.

पुढे आठ दिवसांत काकांनी वाड्यातल्या हिश्शाचं हक्कसोडपत्र दादापुढे ठेवलं आणि त्याने काही न बोलता सही केली. कायद्याने तशी काही गरज नव्हती. धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क जात नाही, हे इंग्रजांनी १८५० सालीच कायदा करून ठरवलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही धर्म सोडणाऱ्याचा स्वतःचा हक्क शाबूत आहे. धर्मांतरानंतर जन्मलेल्या आणि हिंदू नसलेल्या मुलांचा तेवढा जातो. मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मी आईला दिलं ते दुःख पुरे आहे, वर कोर्टकचेरी नको."

परत आल्यावर महिनाभराने वहिनींकडे गेलो होतो. निघताना त्यांनी एक पुस्तक हातात दिलं. 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं. कव्हर सुटलेलं, पानं पिवळी. "वाचलंय का?" मी म्हटलं, शाळेत धडा होता. "धडा नव्हे, सबंध वाचा."

आपल्यातले बहुतेक जण मराठी माध्यमातले. नारायण वामन टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी आणि लक्ष्मीबाई म्हणजे त्यांची विनोदी बायको, एवढ्यावर आपलं ज्ञान थांबतं. मीही तसाच. पुस्तक खरोखरच इतकं हसवणारं आहे की, त्यातलं दुःख चटकन लक्षात येत नाही. सबंध वाचल्यावर मात्र दोन रात्री झोप आली नाही.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. जन्म १८६८ चा. आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली, त्या धक्क्याने वडील सोवळ्याओवळ्याच्या इतके आहारी गेले की, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही. त्या घरात वाढलेली मुलगी. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. नवरा हुशार, कविमनाचा, शीघ्रकोपी, आणि न सांगता घरातून निघून जाण्याची सवय असलेला. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, लिहायला-वाचायला नवऱ्यानेच शिकवलं.

१८९३ साली टिळक नागपूरकडून राजनांदगावला चालले होते. आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले. गप्पा झाल्या आणि वॉर्डसाहेबांनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली. शब्द दिला म्हणून टिळकांनी ती वाचायला घेतली, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना ती खाली ठेववेना. पुढची दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार, घालमेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. बातमी त्यांना नंतर कळली. पदरात दत्तू, तीन-चार वर्षांचा.

मराठी मुलखात हे पहिल्यांदा घडत होतं असं नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही मिशनमध्ये राहायला गेला, तेव्हा वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. पोर अजून अज्ञान होतं. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण घरी परत आलेल्या मुलाला जात घेईना! बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू घेतली, तर बाळशास्त्र्यांवरच बहिष्कार घालायची भाषा सुरू झाली. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. 'यमुनापर्यटन' लिहिणारे, विधवांच्या दुःखाने कळवळणारे हे गृहस्थ. त्यांची स्वतःची पत्नी मात्र या निर्णयापायी कायमची दुरावली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडात वाँटेजला. त्यांना अडवायला आई-वडील, नवरा कोणी उरलंच नव्हतं. घरच्या जागी अख्खा समाज उभा राहिला आणि १८९३ साली पुण्यात शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या.

या सगळ्या हकिकतींत आपण पाहतो ते पाऊल उचलणाऱ्याकडे. त्याचं धैर्य, त्याचा त्याग किंवा त्याचा गुन्हा, जसा आपला कल असेल तसं. आमच्या धंद्यात (एवढा एकच पूल, संपादकबाई) एक खांब काढला की आम्ही त्या खांबाकडे पाहत नाही. त्याच्यावरचा भार आता कुठे गेला, ते पाहतो. तो शेजारच्या खांबावर गेलेला असतो, आणि त्या खांबाला कोणी विचारलेलं नसतं.

लक्ष्मीबाईंवर तो भार चार-पाच वर्षं होता. नवरा जिवंत, पण कुंकू लावायचं की नाही याचीच गावाला चर्चा. हळदीकुंकवाला बोलवायचं का, पंगतीत बसवायचं का? बहिणीच्या आधाराने राहायचं, काही काळ पंढरपुरात. मुलगा सारखा आजारी. नवऱ्याची पत्रं येत. त्यांत प्रेम असे, राग असे, मुलाला भेटण्याची तळमळ असे. ती पत्रं वाचायची, त्यांवर रडायचं आणि सोवळं सांभाळायचं. कडेवरचं पोर बापाकडे गेलं तर बाटलं, आईकडे राहिलं तर पोरकं. हे सगळं त्यांनी चाळीस वर्षांनी लिहिलं, आणि लिहिताना कोणाविषयी कडवटपणा येऊ दिला नाही. नवऱ्याला माफ केल्याचा आवसुद्धा नाही.

टिळकांचं काय? त्यांच्यापुढे एक सरळ वाट होती. १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा अशाच जोडप्यांसाठी झाला होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने बायको सहा महिने नांदायला आली नाही, तर त्याने कोर्टात जायचं. न्यायाधीश बायकोला विचारणार, जातेस का? नाही म्हणाली तर वर्षभर थांबायचं, पुन्हा विचारायचं. पुन्हा नाही, की विवाह मोडला. दोघंही मोकळी. म्हणजे सगळं मिळून दीड-दोन वर्षांत टिळकांना दुसरा संसार थाटता आला असता, आणि त्यांच्या नव्या समाजात त्याला कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी ती वाट घेतली नाही. ते थांबले.

इथे मला दादा आठवतो. त्याने एकदा मला सांगितलं, मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की, माझ्यामुळे घरातल्या घरात फूट पडेल, आई-बापावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करणारा माझा नव्हे. "तो अध्याय मी वाचला आणि पुस्तक महिनाभर मिटून ठेवलं," दादा म्हणाला. "मला वाटायचं, हे लिहायला सोपं आहे, लिहिणाऱ्याला माझी आई माहीत नाही." पण मग उघडलंस कशाला? यावर तो म्हणाला, "कारण बाकीचे अध्याय मिटत नव्हते." मला हे पूर्ण कळलं असं म्हणणार नाही. माझी बैठक वेगळी. पण मी अमरधामात त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं, तेव्हा मी त्याच्याकडे किती फुटकळ गोष्ट मागतोय असं मला वाटलं होतं आणि त्याच्या दृष्टीने ती किती मोठी होती, हे 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात आलं. आणि हेही लक्षात आलं की, त्या नकाराचं मोल नुसतं त्याने मोजलेलं नव्हतं. ते आत्यानेही मोजलं होतं, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

लक्ष्मीबाई परत गेल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याकडे गेल्या. शतक संपत आलं होतं. टिळक तेव्हा अहमदनगरला होते (आता सरकारदरबारी अहिल्यानगर). बाईंनी आपलं सोवळं बरोबर नेलं. आपला स्वयंपाक वेगळा, आपलं पाणी वेगळं. नवरा शिवला तरी विटाळ! आणि तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी हे चालवून घेतलं. धर्म बदल म्हणून बायकोच्या मागे लागले नाहीत. पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. एवढ्या मोठमोठ्या सिद्धांतांची भांडणं, पण ती शेवटी येऊन थांबली ती घागर कोणाची आणि चूल कुठे, या प्रश्नाशी. आणि त्या प्रश्नाला उत्तर निघालं.

मग एक दिवस पाण्यावरूनच त्यांच्या डोक्यात विचारांचं चक्र सुरू झालं. ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर जनावरांत जसे वेगवेगळे आकार दिले तसे माणसांत दिले नसते का? जन्म सारखा, मरण सारखं, हाडंमांस सारखं. बसल्या बसल्या त्यांनी स्वतःशीच वाद घातला, स्वतःच हरल्या आणि ठरवलं, आजपासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. नवऱ्याने चार-पाच वर्षं पत्रांतून जे पटवलं नव्हतं, ते त्यांना आपलं आपण पटलं. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, १९०० सालचा. आधी जात गेली, मग धर्म. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. वडील बाहेरची वस्तू धुऊन घेत, आणि मुलीने पुढे दुष्काळातली पोरकी पोरं, कोणाची कोण माहीत नाही, घरात आणून न्हाऊ-माखू घातली.

संसार पुढे सुखाचा झाला, असं मात्र म्हणवत नाही. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घरात कायम दुसऱ्यांची पोरं. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले, आणि त्या हळव्या मुलाची आई लक्ष्मीबाईच झाल्या. १९१७ साली टिळकांना वाटलं की, मिशनचा पगार घेऊन ख्रिस्ताची सेवा करणं बरोबर नाही. पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. पंचावन्नाव्या वर्षी, हाताशी काही नसताना! आपल्यासारख्या रिटायरमेंट अकाउंटचे आकडे महिन्याला तपासणाऱ्यांनी याची कल्पना करून पाहावी. आणि त्यांच्या शेजारच्या खांबाचीही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. इस्पितळात ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दहन केलं आणि अस्थी नगरला नेल्या. ख्रिस्ती झाले म्हणून भजन-कीर्तन सोडलं नव्हतं, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असं सांगत (पूल त्यांचा आहे, माझा नव्हे), तसंच हेही.

टिळकांनी ख्रिस्तचरित्राचं एक महाकाव्य सुरू केलं होतं, 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले! जिला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, जिने त्याच्या या धर्मापायी तरुणपणातली चार-पाच वर्षं पाण्यात काढली, तिने. १९३६ साली त्या गेल्या, आणि शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला. तोच तो दत्तू.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा दादा घरी नव्हता. गुरुवार होता. गुरुवारी संध्याकाळी तो बायबलच्या अभ्यासाला जातो. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही लक्ष्मीबाईंसारखंच केलंत."

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "त्या शेवटी झाल्या. मी नाही झाले, आणि होईन असं वाटत नाही. यांनाही ते माहीत आहे. रविवारी सकाळी हे चर्चला जातात, मी पूजा करते, अकरा वाजता आम्ही पोहे खातो." मग चहा ओतता ओतता म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू? आई दर गुरुवारी फोन करायच्या."

मला कळेना. कोणाच्या आई?

"तुमच्या आत्या. हे घरात नसायचे ना, म्हणून गुरुवारीच. त्यांच्याकडे शुक्रवारची पहाट असायची. नऊ वर्षं, एक आठवडा चुकला नाही. जेवतो का, बीपीची गोळी घेतो का, डोक्यावर केस किती राहिलेत. मी विचारायचे, देऊ का फोन, आज घरी आहेत. तर म्हणायच्या, नको, आता नाही जमायचं मला. पण तू सांग."

"दादाला माहीत होतं?"

"मी सांगितलं नव्हतं. त्यांनी शपथ घातली होती. पण गुरुवारी हे कधी लवकर घरी आले नाहीत. क्लास आठला संपतो. साडेनऊपर्यंत गाडीत बसून राहायचे, पार्किंगमध्ये. एकदा मी खिडकीतून पाहिलं."

यावर मी काय बोलणार? चहा प्यायलो आणि निघालो. दोन तासांच्या रस्त्यात रेडिओ लावला नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात मी दादाला फोन केला. म्हटलं, "गणपतीला या. दहा वर्षं बोलावलं नाही, ती माझी चूक." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "येतो. पण आरतीला मी मागे उभा राहीन. आणि प्रसाद मी घेत नाही रे. तुम्हाला चालेल का?" हा प्रसादाचा प्रश्न त्यांच्याकडे फार जुना आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही, यावर पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात बराच ऊहापोह आहे, असं दादानेच मला नंतर सांगितलं. मी बायकोला विचारलं, कसं करायचं? ती म्हणाली, "त्यात काय कसं करायचंय?"

ते आले. घरात पंचेचाळीस माणसं होती. मंडळातल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कोणी काही बोललं नाही. वहिनी पुढे होऊन आरत्या म्हणत होत्या, आणि दादा मागे दाराशी, जिथे चपलांचा ढीग असतो तिथे, माझ्या धाकट्याला कडेवर घेऊन उभा होता. पोराला समोरचं दिसावं म्हणून त्याने त्याला खांद्यावर घेतलं. मग नैवेद्य झाला, पानं वाढली. बायकोने नैवेद्य दाखवण्याच्या आधीच अकरा मोदक स्टीलच्या डब्यात वेगळे काढून ठेवले होते, तो डबा तिने दादाच्या पानाशी आणून ठेवला.

"हे नैवेद्याचे नाहीत, भावोजी," ती म्हणाली. "आत्यांच्या पद्धतीचे आहेत, जायफळ घातलेले."

दादाने पाच खाल्ले. उरलेले सहा घरी नेले. डबा अजून यायचा आहे.